शालनकाकू आणि ब्रेकअपचं गाणं

एक गाणं शालनकाकू कधीच शेवटपर्यंत वाजू देत नसत. जळोचीच्या सलूनवाल्याने ते लावलं की जाता जाता आत डोकं घालून म्हणत, “बंद कर रं. त्याचं झालं ऐकून. आता तिचं कुठं हाय ते लाव.” तिचं गाणं नव्हतंच. एका गायकाचं एका नटीशी जमलं, घराघरातल्या मोबाईलवर त्यांचे फोटो फिरले, मग मोडलं, आणि गायकाने लगेच ब्रेकअपचं गाणं काढलं. त्यात तो बिचारा आणि ती पैशाला भुललेली. त्या वर्षी उसाच्या ट्रॅक्टरपासून वरातीतल्या बँजोपर्यंत दुसरं काही वाजतच नव्हतं.

काकू जळोची गावात माझ्या मामांच्या शेजारी राहायच्या. मी इंदापूरची, पण बारामतीच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली म्हणून मामांकडे आले होते. काकूंचा दीड एकर भेंडीचा प्लॉट होता, पण भेंडी नावाला. त्यांचा खरा उद्योग लग्नं जमवण्याचा. त्या नटीच्या भानगडीकडेही त्या याच नजरेने बघत. “दोगं बी चांगली हायती. मधी माणूसच न्हवतं त्यांच्या. मी असते तर मोडू दिलं नसतं.” आपण जमवलेलं एकही मोडलं नाही, याचा त्यांना भारी तोरा होता. तो तोरा माझ्यामुळे उतरला.

वडगाव निंबाळकरचं स्थळ त्यांनीच आणलं. मुलगा दिसायला बरा, ऊस, दावणीला गाई. साखरपुडाही झाला. मग एकदा होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर सहज विचारलं, “राजीनामा कधी देतीस? सकाळच्या धारंला माणूस कमी पडतंय.” मी चाटच पडले. नोकरीला हरकत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, तेही नाही म्हणाले, आणि दोन्ही घरांनी एकमेकांचे मानपान परत केले.

इथवर ठीक होतं. पण मुलाने ते गाणं स्टेटसला ठेवलं. त्याच्या मित्रांनी ठेवलं, मित्रांच्या मित्रांनी ठेवलं. लोक मला त्या नटीच्या नावाने ओळखू लागले. मोडलेल्या हाताचा एक्स-रे काढायला आलेला पोरगासुद्धा माझ्याकडे बघून तेच गुणगुणला. इंदापुरात वडिलांनी पारावर बसणं सोडलं. आता हिला कोण करणार, असं आई रोज फोनवर रडायची. मला लग्नाचं इतकं पडलं नव्हतं, पण न केलेल्या गोष्टीसाठी मान खाली घालून चालायचं, याचा फार संताप यायचा.

काकू आल्या, अंगणात बसल्या. “त्याचं ऐकून आले. आता तू सांग.” मी सगळं सांगितलं. ऐकून काकू म्हणाल्या, “तुजी चूक न्हाय. त्याची बी न्हाय. त्यांना मी बोलले, पोरगी नोकरी सोडंल. तुमाला बोलले, त्यांची ना न्हाय. दोन्हीकडं थोडी साखर पेरायची माजी रीतच हाय. लगीन झालं की बसतं समदं जागेवर.”

“आणि नाही बसलं तर?” मी विचारलं.

“आजवर कुणी सांगायला आलं न्हाय बाय,” काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पुढच्याच महिन्यात वडगावात काकूंनी जमवलेलं एक लग्न होतं. मला जायचं नव्हतं, काकूंनी हाताला धरून नेलं. मंडपात तो मुलगाही होता. मला पाहताच त्याच्या मित्रांनी बँजोवाल्याला खूण केली आणि ते गाणं सुरू झालं. सगळा मांडव माझ्याकडे वळून बघायला लागला. तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, मध्यस्थ शालनकाकूंनी साडीचा मान घ्यायला यावं.

काकूंनी साडी घेतली आणि माईकही घेतला. “गाणं थांबवा. ही पोरगी पैशाला भुलली न्हाय. हिच्याकडं एक सांगितलं, तिकडं दुसरं सांगितलं. दोन्ही लबाड्या माज्या. नावं ठेवायची तर मला ठेवा.” नवरीचा बाप तर पांढराफटक पडला, आपल्याला या बाईने काय काय सांगितलंय याची उजळणी करत असावा. काकू बँजोवाल्याकडे वळल्या. “आता वाजीव. माज्या नावानं वाजीव, मी नाचते.”

आणि नाचल्या. डोक्यावरचा पदर कंबरेला खोचून, साठी उलटलेली ती बाई ब्रेकअपच्या गाण्यावर अशी नाचली की हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं हसण्याचं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत तो मुलगा माझ्यासमोर आला, स्टेटस काढल्याचं सांगितलं, आणि वाढप्याला हाक मारून मला जिलेबी वाढायला लावली.

काकूंना मात्र ते महागात पडलं. त्या हंगामात त्यांच्याकडे एकही बायोडेटा आला नाही. “बरं झालं, भेंडी तोडाया वेळ मिळतूया,” म्हणायच्या, पण दुपारी फोन शेजारी ठेवून बसलेल्या दिसायच्या. मला ते बघवेना. एक दिवस मीच जाऊन म्हटलं, “काकू, माझ्यासाठी बघा.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मला समोर बसवलं, स्पीकर चालू केला आणि एकेका घरी फोन लावत सुटल्या. “पोरगी गुणाची हाय. पर नोकरी सोडनार न्हाय, आत्ताच सांगते. भाकरी जाड करती. रागाला आली तर दोन दिवस बोलत न्हाय. आन् ह्याच्या आदी एक मोडलंय, ते माज्यामुळं. जमत आसंल तर या बघाया.”

कुणी बघू म्हणालं, कुणी फोन ठेवला. एका घरी मात्र फोन मुलानेच उचलला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकू, भाकरी मी करतो. बाकीचं तिलाच विचारतो, तिला फोन द्या.”

काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि लग्नं जमवायला लागल्यापासून पहिल्यांदाच, दोघांना बोलू देऊन, भेंडी तोडायला निघून गेल्या.