खालच्या पाइपाचा निकाल

मास्तरांकडे तापलेली गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघतच नसत. बॉनेट उघडायला पुढे झालेल्या हातावर चापट बसे. मग खरवईच्या रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गिऱ्हाइकाला लोखंडी स्टुलावर बसवून उलटतपासणी सुरू. उभ्या गाडीला ताप चढतो की चालत्या? चढावर की सपाटीला? चिखलातून आल्यावर की कोरड्यात? "माहीत नाही" म्हणणाऱ्याला ते सरळ घरी पाठवत, बघून या म्हणत. गिऱ्हाईक तुटेल याची त्या माणसाला काडीची भीती नव्हती.

मास्तर हे नुसतं नाव. शाळेचा आणि त्यांचा संबंध सातवीतच संपला. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते झाडूवाले म्हणून लागले. मशीनला हात लावायचा नाही, अशी फोरमनची ताकीद. ती सगळ्यांना नव्हती. मास्तर भेटल्यावर जयभीम म्हणत, म्हणून त्यांनाच होती. ते हसत सांगायचे, "हात लावू देत नव्हते. कान कुठे बांधून ठेवणार होते माझे?" झाडता झाडता ऐकून त्यांनी पंप, पंखे, इंजिनं पाठ केली. निवृत्त झाले तेव्हा त्याच खात्यात मेकॅनिक होते.

आमच्याकडे एक वाईट खोड आहे. इंजिन तापलं की आतला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, काढून फेकायचा, बोअरचं पाणी ओतायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. अशी गाडी आली की मास्तर मालकाला यथेच्छ झापत. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडतोस का रे, असं विचारत. फेकलेला थर्मोस्टॅट परत बसवल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावत नसत.

माझी जीप जुनी, चारही चाकं ओढणारी. बारवी धरणाच्या अंगाच्या वाड्यांवरून भाजी आणि माणसं बदलापूरला आणायची, परत नेऊन सोडायची, हा माझा धंदा. कंपनीतली नोकरी सोडून तो सुरू केला, तेव्हा कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुतक पडल्यासारखं झालं होतं. सगळ्यात जास्त पोटात दुखलं ते माझ्या दिरांच्या. त्यात गाडी चढावर तापायला लागली. उल्हासनगरला एकाने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने पाण्याचा पंप, तिसरा म्हणाला, मॅडम, इंजिन गेलंय, भंगारात काढा. दिरांनी लगेच जीप घेणारा माणूस उभा केला. जीप गेली असती तर मी पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, मान खाली घालून. ते मला मरेस्तोवर नको होतं.

मास्तरांचे सगळे प्रश्न मी झेलले. उभी राहून तापत नाही, सपाटीला तापत नाही, खालच्या गियरमध्ये जोर लावला की तापते. ते नुसतं "हं" म्हणाले आणि उद्या दहाला ये म्हणाले. दहाला पोचले तर दीर माझ्याआधी हजर. मागाहून कळलं, आदल्या संध्याकाळी हे गृहस्थ मास्तरांना भेटून आले होते. इंजिन गेलंय असंच वहिनींना सांगा, म्हणजे विषय संपेल, असं सांगून आले होते. मास्तरांनी त्यांनाही दहाचीच वेळ दिली होती.

मास्तरांनी त्यांना इस्त्रीच्या शर्टासकट उघड्या बॉनेटपाशी उभं केलं, खालच्या पाइपावर नजर ठेवायला सांगितलं आणि मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला. हा जाड रबरी पाइप रेडिएटरमधलं थंड झालेलं पाणी इंजिनकडे नेतो. मी जोर वाढवला, पंप पाणी ओढायला लागला आणि पाइप रिकाम्या पिशवीसारखा चपटला. पाणी बंद. तो चपटू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. आधी कधीतरी कुणीतरी बिनस्प्रिंगचा पाइप बसवून मोकळा झाला होता. बाकीच्या शहाण्यांनी इंजिन मंद चालवून बघितलं होतं, त्यांना ते दिसणार कसं?

मालकाने आजार स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नसत. त्या दिवशी त्यांनी मला विचारलंच नाही.

"बोला साहेब, काय झालं होतं?"

"पाइप चपटत होता," दीर पुटपुटले.

"आणि इंजिन?"

"इंजिन चांगलं आहे."

"मोठ्याने. वहिनी लांब बसल्यात."

त्यांना ते मोठ्याने म्हणावं लागलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. नवा पाइप बसवून त्याच दुपारी मी भरलेली जीप चढावर नेली. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. घरात जीप विकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. चार दिवस दवाखान्यात होते आणि मला पत्ता नाही. मी रोज वाड्यांवर फेऱ्या मारत होते. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. हेंद्रेपाड्याला त्यांच्या घरी गेले आणि दारातच काकूंवर, त्यांच्या बायकोवर, ओरडले, एक फोन करता येत नव्हता का, म्हणून. असं ओरडायला नको होतं. त्या काही रागावल्या नाहीत.

"फोन हातात घेतला होता गं मी. त्यांनी ठेवायला लावला. म्हणाले, तिची फेरी मोडायची नाही."

मास्तरांशी मी कधी वाद घातला नाही. आता घालते, चढावर, एकटी असले की. तुम्ही कोण ठरवणार, मास्तर? गाडी माझी होती, फेरी माझी होती. मोडायची की नाही, ते मी ठरवलं असतं. आणि मी मोडली असती.