किकायोन आणि दाऊदनाना

दाऊदनानांच्या मुलीचं, रिबकाचं पोस्टकार्ड धुळ्याला शाळेत आलं तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. ‘नाना गेले. शेवटपर्यंत बोलत होते.’ दोनच ओळी. दुसरी वाचून रडू येण्याआधी मला हसूच आलं, कारण न बोलणारे दाऊदनाना मी वीस वर्षांत कधी पाहिलेच नव्हते...

ओळख झाली ती एका शब्दापायी. मिशनच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि आमच्या मिशनरी साहेबांनी बायबलातल्या योना संदेष्ट्याची गोष्ट खेड्यातल्या माणसांना कळेल अशी अहिराणीत लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं. गोष्टीच्या शेवटी देव एका पापी शहराला माफ करतो म्हणून योना त्याच्यावर रुसून शहराबाहेर उन्हात बसतो. देव त्याच्या डोक्यावर एका रात्रीत एक झाड वाढवतो, योना सुखावतो, आणि दुसऱ्या पहाटे एक अळी ते झाड वाळवून टाकते. या झाडाचं हिब्रू नाव किकायोन. शास्त्रात हा शब्द या एका गोष्टीखेरीज कुठेच येत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ पडताळायचा कसा? साहेबांच्या जाड पुस्तकांत कोणी भोपळ्याचा वेल म्हणे, कोणी एरंड, कोणी आम्ही कधी न पाहिलेला विलायती वेल. साहेबांचा कल भोपळ्याकडे होता. पंधरा दिवसांत मजकूर छापखान्यात जायचा होता. तेवढ्यात कोणी सांगितलं, पाचोरा स्टेशनावर दिव्यांच्या खोलीत एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी गृहस्थ आहेत, त्यांना हिब्रू वाचता येतं. मी चाळीसगावला गाडी बदलून पाचोऱ्याला गेलो.

कंदिलांच्या काचा पुसत नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आपण पंडित नाही, पण लहानपणी कोकणात शुक्रवारी संध्याकाळी वडील एक जुनी यादी म्हणत. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिव्यात कोणतं तेल चालतं, कोणतं नाही. न चालणाऱ्यांत एक ‘किक’चं तेल असे. हे किक म्हणजे काय, ते वडिलांना माहीत नव्हतं, गावात कोणालाच नव्हतं. “किक आणि किकायोन. हे एकाच घरचे दिसतात, मास्तर. म्हणजे तुमच्या झाडातून तेल निघायला हवं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही शनवार तेली, तेलाचं आम्हाला कळतं. भोपळ्याच्या तेलावर दिवा लावलेला कोणी पाहिलाय?”

साहेब ऐकेनात. एरंडाची कसली सावली, म्हणाले. तेव्हा नानांनी रजा काढली आणि ऐन वैशाखातल्या दुपारी आम्हा दोघांना पाचोऱ्याबाहेर ओळखीच्या मळ्यात नेलं. पाटाच्या कडेला दोन पुरुष उंचीचा एरंड उभा होता, पंज्यासारखी रुंद पानं पसरून. त्याच्याखाली मळ्याची मालकीण सखूअक्का भाकरी खात बसली होती. तिने सरकून जागा दिली. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि वर पानांकडे पाहिलं. नानांनी अक्काला योनाची गोष्ट सांगितली, पण झाडाचं नाव मुद्दाम सांगितलं नाही.

“हाऊ ते एरंडच शे,” अक्का म्हणाली. पाण्याकाठी आपोआप उगवतं, बघता बघता डोक्याच्या वर जातं आणि अळी पडली की सकाळी नुसत्या शिरा उरतात, असं तिने सांगितलं. एक पान उलटून अळीही दाखवली. मग तिने विचारलं, पुढे देव त्या रुसलेल्या माणसाला काय म्हणाला? नानांनी सांगितलं: तू न लावलेल्या झाडासाठी हळहळतोस, मग मी एवढ्या मोठ्या शहराची, तिथल्या माणसांची, गुराढोरांची काळजी करू नये?

अक्काने घास थांबवला. “ढोरसनी बी फिकर करस? मंग चांगला देव शे तो.”

साहेब मोठ्याने हसले आणि मला म्हणाले, “एरंड लिहा.”

 परतताना नाना कोरड्या नाल्याशी थांबून म्हणाले, “बाबा जन्मभर तो शब्द म्हणत राहिले, मास्तर... आणि ते किकचं तेल त्यांच्याच घाण्यातलं होतं. मी रेल्वेत लागलो तेव्हा कंदिलांतही एरंडेलच भरायचो.” मग ते हसायला लागले, इतके की डोळे पुसावे लागले.

गेल्या रविवारी मी पाचोऱ्याला गेलो. रिबकाने चहा दिला आणि नानांची एक वही पुढे ठेवली. ही वही मला ठाऊकच नव्हती. त्या दुपारनंतर नानांना नादच लागला होता. शास्त्रात क्वचित येणारी झाडं, पाखरं, काटे ते शब्दाशब्दाने उतरवत आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांना, मेंढपाळांना, पाणक्यांना विचारत. प्रत्येक अर्थापुढे सांगणाऱ्याचं नाव होतं, पंडिताचं लिहावं तसं, आदराने. शेवटच्या पानावर एका पाखराचं नाव होतं आणि पुढची जागा कोरी.

“कोणाला विचारायचं होतं त्यांना?” मी म्हटलं.

“जो भेटेल त्याला,” रिबका म्हणाली. “बाजार उद्या आहे.”

मी शाळेला रजेची तार केली आणि मुक्काम वाढवला.