सुटे सूर मिळणार नाहीत

मैत्रिणींनो, शाळेच्या मधल्या सुट्टीत मी अकॉर्डियन वाजवायचे आणि तुम्ही डबा खाता खाता गायचात, आठवतं?

तेच अकॉर्डियन घेऊन आज अंधेरीच्या स्टुडिओत गेले. चाळीस वर्षं गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवतेय मी. नवा संगीतकार म्हणाला, "आंटी, गाणं नको. एकेक सूर सुटा वाजवून द्या ना. पुढचं सगळं कॉम्प्युटर वाजवेल. तुम्हाला परत यायचा त्रासच नाही!"

"त्रास होतो असं कोण म्हणालं रे? गाणं असेल तेव्हा बोलाव," म्हणाले आणि अकॉर्डियन उचलून घरी आले.

माझे हात थांबले, की अकॉर्डियन घाटकोपरच्या माझ्या विद्यार्थिनीला, मीनलला द्या. मी बांधलेल्या चालींची वही तुम्हा सगळ्यांची. त्या संगीतकाराला एक सूरही देऊ नका. मीनल वाजवेल तेव्हा त्याला ऐकायला मात्र नक्की बोलवा.