रिकाम्या खोगिराचं चित्र

कडेगावजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या बयाबाईला अक्षरओळख नव्हती, पण चित्रं ती चांगली वाचायची. नवरा ज्योतिबा पलटणीत होता. एका रजेत त्याने सांगलीच्या जुन्या बाजारातून लेकीसाठी गोष्टीचं एक जुनं पुस्तक आणलं. जाड, पिवळा पडलेला कागद, पानाच्या चारी कडांना वेलबुट्टी आणि राजाच्या शेल्याचा तांबडा रंग रेषेबाहेर जरासा सांडलेला. बयाबाईला त्या सांडलेल्या रंगाचंच कौतुक वाटायचं. चित्रं दाखवत ती लेकीला मनानेच गोष्ट रचून सांगायची. मागची पानं कधीच फाटून गेली होती. उरलेल्या शेवटच्या चित्रात खोगीर घातलेला घोडा नुसताच उभा होता, मागं लालभडक आभाळ. तिथं ती म्हणायची, "राजा जेवाय गेलाय."

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि ते चित्र तिला बघवेना. लेकीने पान उलटलं की ती त्यावर तळहात ठेवायची. लढाई थांबल्याचं रेडिओने सांगितलं. गावातल्या दुसऱ्या जवानांची खुशाली आली, ज्योतिबाची आली नाही. शेवटी पुस्तक पदराखाली घेऊन ती बालवाडीच्या चारुलताबाईंकडे गेली.

"बाई, ह्या चित्राखाली काय लिवलंय?"

चारुलताबाईंनी ओळ वाचली, मग बयाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. "घोड्याला पाण्यावर सोडलंय."

"आन् राजा कुटं हाय?"

"झाडामागे बसलाय."

बयाबाईने चित्र पुन्हा निरखलं. त्यात झाड नव्हतं. पुढं विचारायची तिची छाती झाली नाही. "मला अक्षरं शिकवा," एवढंच ती म्हणाली.

रोज दुपारी ती पोरांच्या मागं बसून पाटीवर गिरवू लागली. अक्षरं येत गेली, पण त्या पानाकडे ती फिरकेना. वाचलं तर ते खरं होईल, असं तिला वाटायचं.

शिमग्याच्या सुमारास ज्योतिबा आला. इतके दिवस इस्पितळात पडून होता, तिथनं धाडलेलं पत्र पोचलंच नव्हतं. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, बाकी धडधाकट. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सोप्यात झोपला असताना तिने धीर करून पुस्तक उघडलं आणि बोट ठेवत वाचलं: घोडा एकटाच परत आला.

"आवं," तिने हाक मारली. तो हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग पुस्तक टाकून दोन्ही हातांनी त्याला गदागदा हलवलं.

तो उजव्या कानावर झोपला होता. दचकून उठला. "काय झालं गं?"

"काय न्हाई." तिचा हात त्याच्या छातीवरच होता. "च्या ठेवू का?"

"ठेव की."

पण ती बराच वेळ जागची उठली नाही.