आर्विद कांगसचा अख्खा शर्ट

आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर शर्टांच्या पट्ट्या ठोकल्यात. चौकडीच्या, निळ्या, विटक्या खाकी. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची पट्टी कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ठोकायची खिळ्याने. रडायचं नाही, भांडायचं नाही. ड्वेनच्या सात आहेत. त्यातली एक गुलाबी फुलांची. त्या साली आपला चांगला शर्ट वाचावा म्हणून पठ्ठ्या बायकोचा घालून आला होता.

आर्विद कांगसची यंदापर्यंत एकही नव्हती. एकतीस वर्षं.

आर्विद हिवाळ्यात गावचे रस्ते मोकळे करतो, बर्फ लोटायच्या गाडीवर. उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. बोलणं कमी. सप्टेंबर लागला की मचाणाच्या पायऱ्या ठोकून बघणार, ऑक्टोबरात बंदुकीचा नेम तपासणार. पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडतो, त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. मास्तरच जंगलात, शिकवणार कोण? वर्षाला एक हरीण मिळालं की आर्विदचा फ्रीजर भरतो आणि एक मांडी शेजारच्या घरी जाते. जास्तीची हाव त्याला कधीच नव्हती.

आणि त्याची कुत्री, पुल्ला. पुल्ला म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव. घरात आल्याच्या पहिल्याच दिवशी हिने टेबलावरून अख्खा पाव लांबवला, म्हणून हे नाव. अर्धी बीगल, अर्धी देव जाणे. पाय आखूड, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, वय अकरा. मुलीने, टेसने, हट्टाने आणलेली. टेस नोकरीला दूर शहरात गेली आणि कुत्री राहिली आर्विदच्या गळ्यात. "माझी नाही ती," असं तो सगळ्यांना सांगतो. सकाळी गाडीत शेजारच्या सीटवर तिलाच बसवतो आणि डब्यातल्या पास्टीच्या, म्हणजे मोठ्या खाऱ्या करंजीच्या, आतलं मटण-बटाटा तिला, कडेचं कवच स्वतःला. कोणाला काय सांगतो हा!

यंदा बर्फ अजून पडलाच नव्हता. नुसती थंडी आणि पानांवर गोठलेलं पांढरं दव. अशा जमिनीवर माग दिसत नाही.

सकाळी आठला मचाणाखालून नर आला. आठ टोकांची शिंगं, मान जाड. आर्विदने बंदुकीवरच्या दुर्बिणीची काच अंगठ्याने पुसली. दोन वर्षं तो ती काच पुसत होता. धुकं काही जात नव्हतं. जाणार कसं? काच स्वच्छ होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि हे त्याच्याशिवाय फक्त डॉक्टरला माहीत होतं. बायकोलासुद्धा नाही.

बार काढला. नर पाठीत वाकला, उडाला आणि गेला.

आवाज ऐकून ड्वेन आला. हा आर्विदचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, ज्यूनचा, धाकटा भाऊ. दोघांनी तासभर पानं तुडवली. रक्ताचा थेंब नाही.

"चुकला!" ड्वेन नाचायचाच बाकी होता. "एकतीस वर्षं! अरे कॅम्पवर मर्व्हला सांगा, कात्री परजून ठेव म्हणावं!"

आर्विद गुडघ्यावर बसला होता. पानावर चार केस पडले होते. भुरकट, टोकाला पांढरट. खांद्याचे केस असे नसतात. हे पोटाचे.

"गोळी लागलीये," तो म्हणाला.

"चार केस? माझ्या फणीत याहून जास्त असतात."

"पोटात लागलीये, ड्वेन. पोटाचं रक्त बाहेर येत नाही."

"मग चल, मागे जाऊ."

"नाही. आत्ता मागे गेलो तर ते उठेल आणि दोन मैल पळेल. शांत सोडलं तर जवळच बसतं. सहा तास थांबायचं."

"सहा तास? दुपारी दोनला? संध्याकाळी बर्फ येणारे, रेडिओ ऐकला नाहीस? एकदा बर्फ पडला की संपलं." मग ड्वेन जरा मऊ झाला. "म्हाताऱ्या, चुकला म्हण ना. पट्टी कापू, हसू, जेवू. कोणाचं काय जातंय?"

तेच तर अवघड होतं. चुकला म्हटलं तर शर्ट जातो, बस. पण लागली असेल आणि जनावर सापडलं नाही तर? आर्विदच्या बापाचं एकदा तसंच झालं होतं. हरीण मागे सुटलं. आठवड्याने डोमकावळे घिरट्या घालायला लागले तेव्हा जागा कळली. मांस वाया, जीव वाया. बापाने त्या दिवशी बंदुकीला तेल लावलं, दारावर टांगली आणि मरेपर्यंत खाली घेतली नाही. आर्विद तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाप एवढंच म्हणाला होता, "जनावर मागे सुटलं की आपली शिकार संपली." आर्विदने ते तेव्हाच आपल्यालाही लावून घेतलं होतं.

म्हणजे आज हरीण सापडलं नाही तर दारावर दुसरी बंदूक. खोटं बोलून सुटायची वाट मोकळी होती, मेहुणा ती हाताने दाखवत होता. आर्विदने चार केस उचलून खिशात ठेवले.

"मी घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "पुल्लाला आणतो."

ड्वेन इतका हसला की त्याला झाडाला टेकावं लागलं. "ती? ती फाटकापर्यंत जाताना दोनदा बसते!"

ज्यून स्वयंपाकघरात होती. नवऱ्याचं तोंड बघून तिने हातातलं पीठ झटकलं.

"काय झालं?"

"पोटात लागली. सापडत नाही."

ज्यून त्याच्या बापाला ओळखत होती. खुंटीवरून लांब दोरी काढली, कुत्रीला नारिंगी जाकीट चढवायला लागली. जाकीट पोटावर बंदच होईना.

"श्वास आत घे, बाई," ज्यून म्हणाली. मग नवऱ्याला, "खुराचा खेळ आठवतो?"

टेस आठ-दहा वर्षांची असताना वाळलेला हरणाचा खूर दोरीला बांधून अंगणभर, शेडमागून, सॉनाच्या, वाफेच्या अंघोळीच्या, खोलीभोवती ओढत न्यायची आणि कुठेतरी पुरायची. पुल्ला नाक खाली घालून निघायची आणि प्रत्येक वेळी काढायची. पुढे टेस मोठी झाली, खेळ थांबला.

"अंगण आणि जंगल यात फरक आहे," आर्विद म्हणाला.

"आहेच. पण टेसचा नियम विसरू नकोस. पुल्लाला कोणी काही सांगायचं नाही. तुला सगळ्यांना रस्ता दाखवायची खोड आहे."

"माझं कामच ते आहे."

"म्हणून तर सांगतेय."

दोन वाजेपर्यंतचा वेळ आर्विदने गाडीत काढला. ड्वेन दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करायचा. आभाळ खाली आलं होतं, राखेच्या रंगाचं. "आता सोड की तिला!" आर्विद मान हलवायचा. पुल्ला मांडीवर घोरत होती. त्याचा हात तिच्या कानावर होता.

दोनला त्याने तिला चार केस सापडले होते त्या जागी उभं केलं. तिने हुंगलं. शिंकली. आर्विदकडे बघितलं, आता पास्टी मिळणार का असं.

"झालं," ड्वेन म्हणाला. "बोलवा मर्व्हला."

मग तिचं नाक खाली गेलं आणि शेपूट ताठ झालं. खुराचा खेळ थांबल्यापासून सात वर्षांत ते शेपूट असं झालं नव्हतं.

ती निघाली, पण खाली, ओढ्याच्या बाजूला. ड्वेनने तर सकाळी बार ऐकून येताना नर वर, टेकाडाकडे जाताना बघितला होता.

"चुकतेय ती," ड्वेन म्हणाला. "वर गेला तो. या डोळ्यांनी बघितलाय."

आर्विदने दोरी वर ओढली. ती परत खाली. त्याने परत ओढली, जरा जोरात. तेव्हा पुल्ला पानांवर बसली. जाडजूड, तोंड फिरवून, ढिम्म. मारा, ओढा, काय करायचं ते करा.

बर्फाचा पहिला कण तिच्या नाकावर पडला.

"उचलून वर ने तिला!" ड्वेन ओरडला. "अरे बर्फ आला!"

आर्विद दोरी हातात धरून उभा राहिला. वर्षानुवर्षं तो गावाला रस्ता काढून देत आला होता. आणि आज सकाळी ज्या डोळ्याने त्याने रस्ता ठरवला तोच डोळा खोटा होता. मग कोणाचं ऐकायचं? त्याने मूठ सैल केली. दोरी जमिनीवर पडली, नुसतं टोक हातात राहिलं.

"जा बाई," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

पुल्ला उठली आणि खाली चालू लागली, मागे न बघता.

टेकाडावर चढलेला नर वळसा घालून खाली उतरला होता. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, हे आर्विदला पाठ होतं. पण ड्वेनच्या बोटामागे तो ते विसरला होता. कुत्री विसरली नव्हती. झुडपाखालून, पडलेल्या खोडावरून, दलदलीच्या कडेने. खोड आलं की थांबायची, आर्विद तिचा मागचा भाग उचलून पलीकडे ढकलायचा. एका ओल्या पानावर ती थांबली. हिरवट डाग होता, नखाएवढा. ड्वेन वाकला, वास घेतला आणि म्हणाला, "पोटातलंच आहे."

बर्फ आता नीट पडत होता. पानं पांढरी होत होती.

ओढ्यापाशी ती अडली. पाणी गुडघाभर, कडेला बर्फाची पापडी. आर्विदने तिला काखेत घेतलं आणि बुटांत पाणी भरत पलीकडे गेला. "माझी नाही म्हणे," ड्वेन मागून पुटपुटला. पण तोही पाण्यात उतरला होता.

पलीकडे ठेवल्यावर ती वीस पावलं गेली आणि भुंकली. एकदाच.

उन्मळून पडलेल्या झाडाखाली नर पडला होता. पाय पोटाशी घेऊन, मान पुढे, झोपल्यासारखा. डोळ्याला काडी लावली तरी हलला नाही. आर्विदने पोट फाडलं, घाण तेवढी काढून ओढ्याच्या पाण्याने आतून धुतलं, मग वास घेतला. थंडीने राखलं होतं. मांड्या, पाठ, खांदे, सगळं चांगलं. तो तिथेच बर्फात बसला. पुल्लाला तिचा वाटा मिळाला, काळजाचा तुकडा. ओली बोटं त्याने तिच्याच पाठीला पुसली आणि तिथेच तोंड लपवून जरा वेळ बसला. ड्वेन टोपी काढून झाडांकडे बघत राहिला. अशा वेळी बघायचं नसतं.

अंधार पडायच्या आत नर कॅम्पच्या दांडीवर टांगलेला होता. मर्व्ह आमच्यात सगळ्यात म्हातारा, चूल त्याची, कात्री त्याची. "कुत्रं कॅम्पमध्ये येणार नाही" हा नियमही त्याचाच, चाळीस वर्षांचा. त्याने पुल्लाकडे बघितलं, दार उघडं धरलं आणि तव्यावर बेकनच्या चार पट्ट्या टाकल्या.

"बरं," ड्वेन म्हणाला. "मी हरलो. बत्तीसावं वर्ष, शर्ट अख्खा. बास?"

आर्विदने जाकीट काढलं. शर्ट विजारीतून बाहेर ओढला आणि मर्व्हकडे पाठ करून उभा राहिला.

"काप."

"डोकं फिरलं का तुझं? जनावर बाहेर टांगलंय!"

"नेम खांद्याला धरला होता. लागली पोटात. सहा तास तडफडलं ते. याला चुकणं नाही तर काय म्हणायचं?" मग चुलीकडे बघत म्हणाला, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली."

मर्व्ह कात्री घेऊन उभाच होता.

"म्हणजे," ड्वेन हळूच म्हणाला, "गेली दोन वर्षं मी एका आंधळ्याकडून हरतोय?"

मर्व्हला हसू आवरेना, त्यामुळे पट्टी वाकडी कापली गेली. लाल-काळी चौकडी. आर्विदने स्वतः नाव लिहिलं, साल लिहिलं. ड्वेनने आपल्या सात पट्ट्यांशेजारी जागा करून दिली आणि खिळाही त्यानेच ठोकला, अंगठ्यावर एक मारून घेऊन.

"डॉक्टर काय म्हणतो?" मर्व्हने विचारलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतो. मीच टाळत होतो. उद्या ज्यूनला सांगतो. तोवर बंदूक ड्वेनच्या ताब्यात."

"दारावर नाही?"

आर्विदने विचार केला. पुल्ला त्याच्या पलंगावर, त्याच्याच उशीवर, चारी पाय वर करून पडली होती.

"नाही," तो म्हणाला. "रजेवर."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाहेर गाडी थांबली. शेजारच्या कॅम्पची डार्ला, लाकूड गिरणीत काम करते ती. टोपी हातात पिळत दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काल दिवस मावळताना एका हरणावर बार काढला. रक्त होतं, मग थांबलं. रात्रभर बर्फ पडलाय." घुटमळली. "तुमच्याकडे कुत्री आहे असं ऐकलं."

ड्वेन पांघरुणातून ओरडला, "आर्विद म्हणतो त्याची नाहीये!"

"माझीच आहे," आर्विद म्हणाला. बूट अजून ओले होते, तेच चढवले. "कुठे लागली? कशी पळाली? केस बघितलेस?"

बोलता बोलता त्याने पुल्लाला उशीवरून उचललं आणि जाकिटात कोंबलं. मागून कापलेल्या शर्टातून कमरेला वारा लागत होता. डार्लाने त्या पोटाकडे, त्या आखूड पायांकडे बघितलं.

"हिला काय काय सांगावं लागतं?"

"काही नाही," आर्विद म्हणाला. "हिला काही सांगायचं नाही. एवढाच नियम आहे."