खवट डबा

सत्तर सालच्या आसपास मी साकीनाक्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात होते. तिथे केसांचं तेल बनायचं. आलेल्या खोबरेलाचे डबे उघडायचे, तळहातावर थेंब चोळून वास घ्यायचा आणि खवट डबा बाजूला काढायचा, हे माझं काम.

एका पावसाळ्यात सर्दी झाली ती महिनाभर हटेना. गाल जड असायचे, वाकलं की कपाळात कळ यायची. त्यातच एकदा डाळ करपली. करपल्याच्या वासाने नवरा बाहेरून धावत आला. मी स्टोव्हपाशीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे डबे मला सारखेच लागले. पाणी हुंगावं तसे. मी सगळेच पास केले.

लेबलं लावणारी माझी मैत्रीण तिथल्याच गावठाणातली, ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत तिने मला बाजूला नेलं.

"तिसरा डबा खवट आहे गं. तुला कळलं नाही?"

मी खरं ते सांगितलं. तिने तो डबा काढून ठेवला. पुढे रोज शेठ यायच्या आधी ती डबे हुंगायची आणि खराब डब्यावर खडूने फुली मारायची. मला लाज वाटायची, तरी मी फुली बघूनच डबे बाजूला काढत राहिले. मग तिच्या घरी लग्न निघालं आणि ती आठवडाभर रजेवर गेली. पहिल्याच सकाळी मी शेठपुढे उभी राहिले आणि इतके दिवस वास येत नाही म्हणून सांगितलं.

"नाक बिघडलं त्याचं काही नाही," ते म्हणाले. "लपवलंस कशाला?"

त्यांनी मला लेबलांवर बसवलं आणि इस्पितळात जायला सांगितलं.

तिथे डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत माझ्या तोंडात छोटा दिवा धरला. एक गाल उजळलाच नाही. सायनस सुजून पू भरला होता. वास कळायची जागा नाकात अगदी वर असते, सुजेमुळे हवा तिथवर पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. मग नाकातून जाड सुई घालून सायनस धुतलं. हाड कटकन वाजलेलं मला डोक्याच्या आत ऐकू आलं. असं तीनदा केलं.

महिन्याभराने हात पुसताना फडक्याला रॉकेलचा वास आला. मी ते पुन्हा पुन्हा हुंगत राहिले.

शेठनी काम परत दिलं. माझ्यानंतर मैत्रिणीनेही प्रत्येक डबा बघावा, असं मीच सुचवलं आणि त्यांनी ते मानलं.

खवटपणा मला पुन्हा नीट कळू लागला. पण आई कोकणातून सुरंगीचे वळेसर, घमघमणारे गजरे, पाठवायची. मी माळले की वासाने बायका वळून बघायच्या. मला मात्र जवळपास काहीतरी आहे, एवढंच जाणवायचं.