महावीरशेठच्या राजदूतचं तेल

आमचा नाथाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचा, साळूबाईचा पोरगा. आटपाडीचा. पंधरा वर्सं मिल्ट्रीत गाड्या दुरुस्त करून आणीबाणीच्या आदल्या साली पेन्शनीत आला. गावात ना पाणी ना काम, म्हणून सांगलीला माझ्याकडं ऱ्हायला आला. संगं एक ट्रंक, एक हत्याराची पेटी आन मिशा. दारातनं आदी मिशा आत यायच्या, मागनं नाथाजी.

माझ्या अंगणात लिंबाखाली पोतं अंथरून त्यानं मोटारसायकली दुरुस्त कराया घेतल्या. हात चांगला व्हता, खोटं कशाला बोला. पण तोंडात सारखं लडाख. पान्हा घावला न्हाई की लडाख, भाजीत मीठ कमी पडलं की लडाख.

"मावशे, लडाखला आमी बर्फ वितळून चहा करायचो."

"मग हितं नळाला पाणी हाय त्याचा राग का काढतोयस माझ्यावर?" मी म्हणायची.

त्याच्या मनात एकच ध्यास व्हता. हळदीचे व्यापारी महावीरशेठ, त्यांच्या गोदामाला लागून रस्त्याच्या कडंला एक पत्र्याची शेड रिकामी पडली व्हती. ती मिळाली की गॅरेज, त्याच्यावर पाटी, पाटीवर 'माजी सैनिक'. शेठबी तसे राजी व्हते. आदी आपली राजदूत मोटारसायकल त्याच्या हातात देऊन बघतो म्हणाले.

शेठ आले ते त्रिशलावैनींना मागं बसवूनच. वैनी म्हंजे भरल्या अंगाच्या, हसऱ्या, जिभेला धार. त्यांचं म्हायेर आटपाडीकडंच.

"नाथाजीराव, दोघं बसलो की भिवघाटात गाडी दम खाते हो," शेठ म्हणाले.

"दोघं कशाला? माझ्यामुळं खाते असं सरळ म्हणा की," वैनी म्हणाल्या.

नाथाजीनं मिशीवर हात फिरीवला. "शेठ, मोठा कार्बोरेटर बसवू. घाट न्हवं, भित्ताड चढंल."

जुन्या बाजारातनं त्यानं एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर हुडकून आणला. दोन दिवस घासूनपुसून बसीवला. मग सुरू झालं ते कान लावणं. स्क्रू इकडं पाव फेरा, तिकडं पाव फेरा, ॲक्सिलेटर पिळायचा, डोळं मिटून ऐकायचं. पोरगी बघाया आलेल्या बायका तिचं गाणं ऐकत्यात तसं. आतली सुई वरच्या खाचेत अडकवली, पेट्रोलाचं भोक बारकं ठेवलं, गावभर एक फेरी मारली आन प्लग काढून माझ्या नाकाफुडं धरला.

"बघ मावशे, कसा पांढराशुभ्र! लडाखला असला प्लग निघाला की सायेब पाठ थोपटायचा."

"आजारी माणसाच्या जिभंवानी दिसतोय रं," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मला खरंच काय कळत नव्हतं. मी आपली भाकरी थापाया गेले.

चौथ्या दिशी राजदूत ट्रकात घालून परत आली. भिवघाटात ऐन चढाला इंजिन जागच्या जागी आवळून जाम झालं, मागचं चाक घासत गेलं, आन शेठ-वैनी दोघं कडंच्या मातीत. शेठचं कोपर सोललं, वैनींच्या बांगड्या फुटल्या. ट्रकासंगं ती दोघंबी आलेली. चहावाला ज्योतिबा, गोदामातले हमाल, अंगणात ही गर्दी.

नाथाजीनं किक मारून बघितली. किक दगडावानी घट्ट. आन इंजिनाचा एक नटबी न सोडता छाती काढून बोलला, "शेठ, तेल घातलं न्हाईसा! ह्या इंजिनाला पेट्रोलात तेल मिसळाया लागतंय हे काय मी सांगाया पायजे? बिनतेलाची पळवली, म्हणून आवळली."

एवढा पेठेत मान असल्याला माणूस, हमालांफुडं गोरामोरा झाला. "घातलं होतं असं वाटतंय... का घाईत राहिलं?"

"ऱ्हायलं असणारच!" वैनी कडाडल्या. "सगळं चित्त हळदीच्या भावात. आज माझा जीव गेला असता म्हंजे?"

लोक पांगली. दुपारी नाथाजीनं इंजिन उघडलं. मी तिथंच गहू निवडत बसले व्हते. त्यानं आत बोट घातलं, बाहेर काढलं, बघितलं. बोट तेलानं चकाकत व्हतं. परत घातलं. परत तेल. पिस्टनचं डोस्कं मातूर वितळून भोक पडल्यालं.

"काय झालं रं?"

मिशा खाली आल्या. "मावशे, तेल व्हतं. भरपूर व्हतं."

"मग?"

"लडाखला डोंगरावर हवा पातळ असती. तिथं पेट्रोलबी कमी सोडाया लागतंय. वर्सानुवर्सं त्याच मापाचा हात बसलाय. हितं हवा दाट, तरी मी तेवढंच सोडलं. इंजिन उपाशी पळालं आन तापून वितळलं. माझ्यापायी."

"मग जाऊन सांग की."

तो बोटावरचं तेल फडक्याला पुसत ऱ्हायला. फडकं चांगलं व्हतं, माझं. "सांगितलं तर शेड गेली. आन ज्याला हवा कळत न्हाई त्याच्याकडं गाडी कोण आणंल?"

त्यानं नवा पिस्टन घातला, पेट्रोलाचं भोक मोठं केलं, सुई मधल्या खाचेत घेतली. आता प्लग चहाच्या रंगाचा निघाला, पायजे तसा. राजदूत अशी पळाली की शेठ पेठेत सांगत सुटले, "चूक माझी, तरी त्या माणसानं गाडी उभी केली." नाथाजीच्या कानावर हे आलं की तो पोत्यावर उगंच पान्हे मांडत बसायचा. लडाख तोंडातनं गेलं. जेवताना भाजीत मीठ न्हाई हेबी त्याला कळंना. मी दोनदा मुद्दाम घातलं न्हाई.

गणपती गेले. जैन लोकांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं. ते संपलं की ती माणसं घरोघर जाऊन वर्सभरातल्या चुकांची क्षमा मागत्यात. लहान न्हाई, मोठा न्हाई, सगळ्यांची. त्या सकाळी शेठ आन वैनी माझ्या अंगणात आले. शेठ उपासानं उतरलेले, पांढऱ्या धोतर-सदऱ्यात. नाथाजी पोत्यावर बसला व्हता. शेठ थेट त्याच्या म्होरं गेले आन हात जोडले.

"नाथाजीराव, उत्तम क्षमा. तेल विसरलो मी, आन तुमच्या कामाला बट्टा लागला. मनात रोष ठेवू नका."

नाथाजी उठाया गेला, पोत्यातच पाय अडकला. शेठनं खिशातनं शेडची किल्ली काढली आन त्याच्या हाताफुडं धरली.

मी दारात उभी. मनात म्हणलं, नाथ्या, घेतलीस किल्ली तर मावशी म्हणू नगंस.

त्याचा हात निम्म्यापतूर गेला. गेला हे मी बघितलं. मग त्यानं दोनी हात पाठीमागं घेतले, शाळंत छडी चुकवाया घेत्यात तसे.

"शेठ, तेल व्हतं."

"काय?"

"तेल तुमी घातलं व्हतं. पेट्रोल मी कमी सोडलं. त्याच दिशी दुपारी कळलं मला."

शेठचे जोडल्याले हात हळूहळू खाली आले. "मग आज मी क्षमा कशाची मागितली?"

"माझ्या चुकीची," नाथाजी म्हणाला. डोळं भुईवर.

मला वाटलं, शेठ आता पाठीवर हात ठेवत्याल. सणाचा दिवस, व्रतस्थ माणूस. पण त्यांनी किल्ली परत खिशात टाकली. "क्षमा नुसती तोंडानं द्यायची नसते नाथाजीराव. मला थोडे दिवस लागतील."

वैनींचं तोंड लालभडक झाल्यालं. मला वाटलं, आता ह्याचं काय खरं न्हाई. पण त्या बोलल्या ते हळू. "दोन महिने मी ह्यांना जेवताना बोलतेय. ताटावर. ते मी कुठं फेडू?" आन नाथाजीला म्हणाल्या, "चार माणसांत बोललात ना? मग चार माणसांतच सांगा."

तो तसाच निघाला. पायात चप्पल न्हाई. मी मागनं गेले, न्हाईतर मधीच आटपाडीची यष्टी धरायचा. ज्योतिबाच्या चहाच्या गाड्याशी ती हमाल मंडळी व्हती. नाथाजीनं सगळं सांगितलं, पेट्रोल, हवा, बोटावरचं तेल.

ज्योतिबानं गाळणं आपटलं. "कोणती राजदूत? आवं, आमी इसरलो बी व्हतो."

हमाल हसाया लागले. एकानं इचारलं, "म्हंजे चूक तुमची, आन बोलणी शेठला? वा रं फौजी!"

नाथाजी त्यांचं हसून हुईस्तवर उभा ऱ्हायला. मग ज्योतिबानं चहा फुडं केला, तर घेईना. मी म्हणलं, "घे की रं."

"शेठ येऊ दे हिकडं," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर पुन्यांदा सांगतो, मग पितो."

शेठ काय त्या दिशी तिकडं आले न्हाईत. चहावर साय धरली. शेवटी तो मीच प्याले.